वर झालेला हात कोणी पाहायचा?



जयंतीला महिना उरला असताना आम्ही एक ऑनलाइन बैठक बोलावली होती. चार तालुक्यांतले तीसेक कार्यकर्ते जोडलेले. फुकटचे खाते, म्हणजे ४० मिनिटांनी बैठक आपोआप बंद पडणार. विषय एकच: १४ एप्रिलची मिरवणूक सकाळी काढायची की दुपारनंतर. पाच-सहा जण बोलले. सगळे पुरुष, सगळे नेहमीचे बोलणारे. सकाळी दहाची वेळ पक्की होत आली. आम्ही विचारले, "कोणाला काही बोलायचंय?" दोन सेकंद थांबलो. कोणी बोलले नाही. ठरले. थोड्या वेळात बैठकही तुटली.

रात्री एका मावशींचा फोन आला. त्या चार घरची धुणीभांडी करतात आणि वस्तीतल्या महिला मंडळाचे कामही पाहतात. म्हणाल्या, "दादा, मी कितीतरी वेळ हात वर करून बसले होते. दंड भरून आला माझा. तुमचं लक्षच नव्हतं. सकाळी दहाला आम्ही बाया लोकांच्या घरी भांडी घासत असतो. सुट्टी सरकारी माणसाला असते, आम्हाला कोण देतं? दुपारी दोननंतर काढली असती तर सगळी वस्ती आली असती."

मावशींनी खरोखरचा हात वर केला होता, फोनच्या कॅमेऱ्यासमोर. पडद्यावरचा पिवळा हात कुठे असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या लॅपटॉपवर एका पानावर पंचवीस चौकटी दिसत होत्या, मावशी दुसऱ्या पानावर होत्या. फोन मुलाचा, त्यामुळे चौकटीखाली त्यांचे नाव नव्हते, फोनच्या मॉडेलचे नाव होते. त्या बैठकीचे होस्ट आम्हीच होतो. तेव्हा दोष यंत्रावर ढकलून आम्हाला मोकळे होता येणार नाही.

हा प्रसंग आम्ही एका मित्राला सांगितला. तो जुना कार्यकर्ता आहे, मनाने सच्चा आहे. त्याचे म्हणणे असे: "हात वर करा, पाळी येईपर्यंत थांबा, हे सगळं ऑफिसवाल्यांचं. आपली चळवळ आहे, आपण एका घरातली माणसं. ज्याला बोलायचं त्याने बिनधास्त बोलावं." ऐकायला हे छान वाटते. पण आमचे मत नेमके उलटे आहे. जिथे बोलण्याची पाळी मागण्याचा नियम नसतो, तिथे स्वातंत्र्य सर्वांना मिळत नाही. ज्याचा आवाज मोठा, ज्याचे नेटवर्क चांगले आणि ज्याला मध्येच बोलण्याची सवय, त्यालाच ते मिळते. हे आम्ही मनाने सांगत नाही, आपला इतिहासच हे सांगतो. म्हणून हा लेख.

पिवळा हात आला कुठून?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. त्या वर्षीची १४ एप्रिलची जयंती आपण घराघरांत साजरी केली, रस्त्यावर उतरलो नाही. व्याख्याने, वाचन, बैठका सगळे मोबाइलवर आले. जगभर हेच चालले होते. त्याच एप्रिलमध्ये झूमवरच्या बैठकांत दिवसाला ३० कोटी सहभाग नोंदले जात असल्याचे त्या कंपनीने जाहीर केले. झूममध्ये हात वर करण्याचे बटण होतेच. गूगल मीट आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स यांनीही त्याच वर्षी ती सोय आणली.

अशा बटणाची गरज का पडावी? सभागृहात बोलू इच्छिणारा माणूस नुसत्या बसण्यावरून ओळखू येतो. तो पुढे सरकतो, घसा खाकरतो, शेजाऱ्याच्या कानाशी लागतो. पडद्यावर यातले काही दिसत नाही. आवाज एक-दोन सेकंद उशिरा पोचतो, दोघे एकदम बोलले तर दोघांचेही कळत नाही. म्हणून बटण दाबायचे. मग हात चौकटीत दिसतो, सहभागींच्या यादीत नाव वर सरकते आणि ज्याने आधी हात वर केला तो आधी, असा क्रम लागतो. साध्या फोनवरून क्रमांक लावून जोडले गेलेल्याला झूमवर स्टार आणि ९ दाबले की हात वर करता येतो, स्टार आणि ६ दाबले की आवाज चालू-बंद करता येतो. होस्टला मात्र कोणाचाही हात खाली करता येतो. एका बटणाने सगळ्यांचेच हात खाली करता येतात.

म्हणजे मागणे सहभागींच्या हातात आणि देणे होस्टच्या हातात. ही रचना संगणकाने शोधलेली नाही, ती फार जुनी आहे. प्रश्नही जुनाच आहे: बोलू द्या असे मागण्याचा अधिकार कोणाला आणि ते मागणे पाहण्याचे कर्तव्य कोणाचे?

दवंडी आमची, मत त्यांचे

गावगाड्यात आपल्या पूर्वजांना बोलण्याआधी एक खूण करावी लागे. ती खूण म्हणजे जोहार. लांब उभे राहायचे, कमरेत वाकायचे, 'जोहार मायबाप' म्हणायचे आणि समोरच्याने विचारले तरच तोंड उघडायचे. ती पाळी मागण्याची खूण नव्हती. आपण पाळीतच नाही, हे कबूल करण्याची ती खूण होती.

यातली क्रूर गोष्ट बघा. गावात दवंडी पिटण्याचे काम महाराचे. सरकारी निरोप पोचवायचा महाराने, सांगावा घेऊन मैलोन्‌मैल चालायचे महाराने. ज्याच्या आवाजात सगळ्या गावाला हुकूम पोचायचा, त्याला चावडीवर स्वतःचे मत सांगायला जागा नव्हती. आवाज चालत होता, मत चालत नव्हते.

यामागे धर्मशास्त्राचा आधार उभा केलेला होता. द्विजाला टाकून बोलणाऱ्या शूद्राची जीभ छाटावी आणि ब्राह्मणाला धर्म शिकवू पाहणाऱ्या शूद्राच्या तोंडात व कानात उकळते तेल ओतावे, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. बोलण्याचा आणि ऐकण्याचा, दोन्ही अवयवांना शिक्षा! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा जळत होती ती ही बोलूच न देणारी व्यवस्था. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' का होते, हे यावरून समजते. माणसे मुकी नव्हती, त्यांना मुके ठेवले होते.

पुढे जोहार गेला आणि जय भीम आला. जय भीम म्हणताना कंबर वाकत नाही. बैठकीत जोडल्यावर आपण पहिला शब्द जय भीम उच्चारतो, तेव्हा आपण बरोबरीने हजर आहोत, हेच सांगत असतो. मग त्याच बैठकीत कोणाचा हात तासभर वर राहून कोणालाच दिसत नसेल, तर त्या जय भीमचा अर्थ काय उरला?

संघात पाळी कशी मागत

आता मित्राच्या म्हणण्याकडे येऊ. नियम म्हणजे ऑफिसवाल्यांची गोष्ट, असे ज्यांना वाटते त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले बाबासाहेबांचे भाषण पुन्हा वाचावे. लोकशाही भारताला परकी नाही, हे सांगताना त्यांनी दाखला दिला तो भिक्खुसंघाचा. संघाला संसदीय कामकाजाचे नियम माहीत होते आणि संघ ते पाळत होता, असे सांगून त्यांनी यादीच दिली: बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव. आपल्याला सवयीने फक्त 'लोकशाही' हा शब्द आठवतो, यादी आपण विसरतो. बाबासाहेबांनी मात्र यादी दिली, कारण लोकशाही या यादीतच राहते.

विनयपिटक उघडले की ही यादी जिवंत दिसते. संघापुढे विषय आणायचा तर आधी 'ञत्ति' मांडावी लागे, म्हणजे प्रस्तावाची सूचना. मग 'अनुस्सावन', म्हणजे प्रस्ताव सर्वांना ऐकवणे. मान्य असेल त्याने गप्प राहावे, मान्य नसेल त्याने बोलावे. किरकोळ बाबीत एकदा ऐकवून भागे, पण गंभीर बाबीत, उदाहरणार्थ उपसंपदा देताना, प्रस्ताव तीनदा ऐकवावा लागे. तिसऱ्या वेळेनंतरही कोणी बोलले नाही तरच मौन म्हणजे संमती.

आता आमची बैठक आठवा. एकदाच विचारले, दोन सेकंद थांबलो आणि मौनाला संमती समजून मोकळे झालो. त्यातले किती जण म्यूटवर होते? किती जणांचा आवाज अडकला होता? मौन ही संमती तेव्हाच ठरते, जेव्हा बोलण्याची खरी संधी दिलेली असते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला हे कळत होते. आम्हाला कळले नाही.

त्याहून मोलाची गोष्ट महावग्गात उपोसथाच्या नियमांत आहे. उपोसथाला सगळा संघ एकत्र यायला हवा. पण एखादा भिक्खू आजारी असेल, येऊ शकत नसेल तर? त्याने दुसऱ्या भिक्खूमार्फत आपली 'पारिसुद्धि' कळवावी आणि संघाला काही कामकाज करायचे असेल तर आपला 'छन्द', म्हणजे संमतीही कळवावी. कशी कळवायची? बोलून कळवली तरी चालेल, शरीराच्या खुणेने कळवली तरी चालेल, दोन्हींनी कळवली तरी चालेल. विनय स्पष्ट सांगतो की खुणेने कळवलेलेही कळवलेलेच धरावे. आणि त्याला काहीच कळवता आले नाही तर? मग त्या आजाऱ्याला खाटेसकट संघात आणावे. त्याला हलवणे धोक्याचे असेल तर संघाने त्याच्याकडे जावे. पण त्याला वगळून अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये.

मित्रांनो, हे नीट वाचा. दूर असलेल्या, शरीराने हजर नसलेल्या माणसाची खूण कशी धरायची, याचा हा नियम आहे. आणि यात भार कोणावर टाकला आहे? आजाऱ्यावर नाही, संघावर. 'त्याला बटण सापडले नाही, त्याला आम्ही काय करणार', असे म्हणण्याची सोय संघाने स्वतःला ठेवली नव्हती. मावशींनी शरीराच्या खुणेने कळवले होते. विनयाच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे बैठकीला कळवले गेले होते. ते धरले नाही ती चूक बैठकीची.

उपाली आणि महाकस्सप

संघात पाळी कोणाला मिळे, याचे एक उदाहरण चुल्लवग्गात आहे. तथागतांच्या महापरिनिब्बानानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. पाचशे भिक्खू. अध्यक्षस्थानी महाकस्सप, जन्माने ब्राह्मण. विनय सांगायचा होता उपालींनी, जन्माने न्हावी. महाकस्सपांनी थेट प्रश्न विचारायला सुरुवात केली नाही. त्यांनी आधी संघापुढे सूचना मांडली: संघाला योग्य वाटत असेल तर मी उपालींना विनय विचारतो. मग उपालींनीही सूचना मांडली: संघाला योग्य वाटत असेल तर महाकस्सपांनी विचारलेल्या विनयाची उत्तरे मी देतो. त्यानंतर प्रश्नोत्तरे झाली.

वयाने आणि मानाने मोठा असलेला अध्यक्षही पाळी मागतो आणि न्हावी जातीत जन्मलेला थेरही त्याच रीतीने पाळी मागतो. एकाने जोहार घालायचा आणि दुसऱ्याने मानेने खूण करायची, असे नाही. दोघांना एकच नियम, दोघांची एकच विनंती, तीही एकमेकांना नाही, संघाला. नियम माणसाला लहान करत नाही. एकाला नियम आणि दुसऱ्याला सूट, यात माणूस लहान होतो. आमच्या बैठकांत हेच घडते: नवखे पोरगे हात वर करून थांबते आणि जिल्ह्याचे नेते म्यूट काढून सुरू होतात.

संघ निर्दोष होता, असा आमचा दावा नाही. भिक्खुणींवर भिक्खूंपेक्षा जास्त नियम होते, हे आम्ही झाकून ठेवत नाही. पण जातीच्या बाबतीत बोलण्याची पाळी समान करण्याची रीत त्या काळात संघाने घातली, हे कोणाला नाकारता येणार नाही.

बावीस नावांच्या आधी

आता जवळच्या इतिहासात येऊ. संसदेत बोलायचे तर सदस्य जागेवर उभा राहतो. एकाच वेळी अनेक उभे राहिले तर अध्यक्ष ज्याचे नाव पुकारतील त्याने बोलायचे. याला अध्यक्षांची नजर वेधणे म्हणतात. नजर वेधण्याचे काम सदस्याचे, पण ती नजर कोणाकडे वळवायची हे अध्यक्षांच्या हाती.

९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेचे कामकाज सुरू झाले. बाबासाहेब तिथे पोचले होते ते मुंबई प्रांतातून नाही. तिथे त्यांची वाट अडवलेली होती. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या सहकाऱ्यांच्या बळावर ते बंगालमधून निवडून आले. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. बॅरिस्टर मु. रा. जयकरांनी दुरुस्ती सुचवली: मुस्लिम लीग आणि संस्थाने सभेत नाहीत, म्हणून ठराव तूर्त लांबणीवर टाकावा. सभा जयकरांवर नाराज होती.

१७ डिसेंबरला अध्यक्ष राजेंद्र प्रसादांनी अचानक बाबासाहेबांचे नाव पुकारले. बाबासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितले की हे निमंत्रण मला अनपेक्षित आहे. आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत, आपली पाळी आलीच तर उद्या येईल, असे त्यांना वाटले होते. ते तयारीने आले नव्हते आणि वेळेची मर्यादा होती दहा मिनिटांची. तरीही ते बोलले. जयकरांच्या बाजूने बोलले, पण असे बोलले की विरोधात बसलेल्यांनाही ऐकावे लागले. आज आपण फुटलेले असलो तरी हा देश एक होईल, यावर आपला विश्वास आहे, असे त्यांनी सांगितले. दुबळ्या पक्षांनाही सोबत घेण्यातच बहुसंख्याकांचे शहाणपण आहे, हे त्यांनी पटवले. ठराव त्या दिवशी मंजूर झाला नाही. तो मंजूर झाला २२ जानेवारी १९४७ ला, सर्व सदस्यांनी उभे राहून.

या प्रसंगाचा साधा अर्थ काय? अध्यक्षाने रांग मोडून एका माणसाला बोलावले आणि सभेचा नूर पालटला. नुसती रांग चालली असती तर ते भाषण त्या दिवशी झाले नसते. रांग महत्त्वाची, पण रांगेच्या पलीकडे पाहणारी नजरही तेवढीच महत्त्वाची.

हीच सत्ता उलटी कशी वापरता येते, तेही आपण पाहिले आहे. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाची वाताहत झाल्यावर बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये ते संसदेत निवेदन करायला उभे राहिले. उपाध्यक्षांनी अट घातली: निवेदनाची प्रत आधी द्या, आणि निवेदनाची वेळ संध्याकाळवर ढकलली. स्वतःच्या राजीनाम्याचे कारण सांगायलाही आधी दाखवून परवानगी घ्यायची! बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिले. ज्यांनी संविधानाचा मसुदा घडवला, त्यांनाही पाळी नाकारली जाऊ शकते, मग तुमची-आमची काय कथा?

रांग पुरत नाही, प्रतिनिधित्व लागते

काही जण म्हणतील, पिवळ्या हाताने हा प्रश्न सोडवला आहे. आधी हात वर करील तो आधी बोलेल. संगणक जात पाहत नाही.

जात पाहत नाही, हे एका अर्थी खरे. चौकटीखालचे आडनाव माणसे पाहतात, यंत्र पाहत नाही. पण 'आधी येईल त्याला आधी' हा नियम ऐकायला जितका सरळ, तितका तो सरळ नाही. आधी हात वर कोण करतो? ज्याच्याकडे लॅपटॉप आहे, वायफाय आहे, ऑफिसात रोज चार मीटिंगा करून ज्याचे बोट बटणावर बसले आहे, तो. ज्या बाईच्या मांडीवर पोर आहे, फोनला एक काडी रेंज आहे आणि जिच्या फोनमध्ये बटण तीन टिंबांच्या आड दडले आहे, ती रांगेत मागेच राहणार. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला विरोध करणारे जी रांग दाखवतात, ती हीच रांग. सुरुवातीची रेषाच वेगवेगळी आहे, हे ते सांगत नाहीत.

बाबासाहेबांनी २७ जानेवारी १९१९ ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. तिथला त्यांचा मुद्दा आजही पुरतो: आमची मते दुसऱ्या कोणी मांडली म्हणजे प्रतिनिधित्व झाले असे होत नाही, आमची माणसे तिथे प्रत्यक्ष हवीत. मावशींची अडचण आम्हाला ठाऊक नव्हती असे नाही. वस्तीतल्या बाया सकाळी कामावर जातात, हे आम्हाला माहीत आहे. पण बैठकीत ते आम्हाला सुचले नाही. सुचले ते फक्त त्यांना, कारण सकाळी दहा वाजता भांडी त्या घासतात. म्हणून त्यांच्या वतीने कोणी बोलून चालत नाही, त्यांनीच बोलावे लागते.

आणि आपल्या आया-बहिणींनी हे करून दाखवले आहे. २० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो स्त्रिया जमल्या, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब तिथे बोलले, पण परिषद चालवली ती बायांनी. घटस्फोटाचा अधिकार मिळावा, एकाहून अधिक बायका करण्याला कायद्याने बंदी यावी, असे ठराव त्यांनी मंजूर केले. हिंदू कोड बिलावर देश भांडू लागला त्याच्या कितीतरी आधी! या बाया पाळी मागत बसल्या नव्हत्या. पाळी देणाऱ्या खुर्चीत त्या स्वतः बसल्या होत्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात अशा कितीतरी बाया भेटतात. प्रत्येक कार्यकर्त्याने ते वाचावे.

होस्ट कसा असावा?

संघात मतभेद मिटला नाही तर शलाकांनी मतदान होई. शलाका म्हणजे लाकडी काड्या. त्या वाटणारा-गोळा करणारा 'सलाकागाहापक' संघ निवडत असे. तो कसा असावा, याच्या पाच अटी विनयात आहेत. त्याने आवडीपोटी पक्षपात करू नये, द्वेषापोटी करू नये, मोहापोटी करू नये, भयापोटी करू नये, आणि कोणाची काडी घेतली व कोणाची राहिली, हे त्याला माहीत असावे.

ऑनलाइन बैठकीच्या होस्टसाठी यापेक्षा चांगली पात्रता आम्हाला सापडलेली नाही. आपल्या गटातल्याला वारंवार बोलावणे ही आवड. टीका करणाऱ्याचा हात दिसूनही न पाहणे हा द्वेष. 'ह्यांना काय कळतंय' हा मोह. नेत्याला वेळ संपल्याचे न सांगणे हे भय. आणि पाचवी अट आम्ही स्वतः मोडली: कोणाचे घेतले आणि कोणाचे राहिले, हे आम्हाला माहीतच नव्हते.

म्हणून आम्ही आमच्या बैठकांसाठी काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हीही त्या करून पाहा. बैठकीच्या आदल्या दिवशी नव्या माणसाला फोन करून हाताचे बटण दाखवायचे. होस्ट एक आणि हात पाहणारा दुसरा. दुसऱ्याने बोलायचे नाही, सगळी पाने चाळत राहायचे. कॅमेऱ्यासमोर वर केलेला खरा हातही हातच धरायचा. प्रत्येकाचे नाव स्वतःच्या नावाने दिसेल, अशी सुरुवातीलाच व्यवस्था करायची. आडनाव लावायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एकदा बोललेला माणूस, तो कितीही मोठा असो, न बोललेल्यांच्या नंतर. ठरावाआधी तीनदा विचारायचे आणि दर वेळी पुरेसे थांबायचे. आणि ४० मिनिटांपैकी शेवटची दहा मिनिटे ज्यांनी एक शब्दही उच्चारला नाही त्यांच्यासाठी राखून ठेवायची, त्यांची नावे पुकारून. बावीस नावे बाजूला ठेवून एक नाव पुकारण्याचा अधिकार अध्यक्षाला असतो. तो अधिकार अशा वेळी वापरायचा.

यात वेळ जातो, अशी तक्रार होते. जातो. आजारी भिक्खूच्या खाटेपाशी जाण्यात संघाचाही वेळ जात असणार.

त्या रात्री मावशींचा फोन ठेवल्यावर आम्ही दुसऱ्या दिवशीची बैठक पुन्हा लावली. पहिले नाव मावशींचे पुकारले. त्या चार मिनिटे बोलल्या. सकाळी दहाच्या बाजूने बोललेल्यांपैकी दोघांनी स्वतःच आपले मत बदलले. प्रस्ताव तीनदा ऐकवला. मिरवणूक दुपारी अडीचला निघाली आणि पुढे बाबासाहेबांची तसबीर घेऊन चालत होत्या त्या वस्तीतल्या बाया. कित्येकींच्या हाताला भांड्यांच्या राखेचा वास तसाच होता.

बोलण्याची पाळी आपल्या पूर्वजांना कोणी दान दिलेली नाही. ती चवदार तळ्यावर, साउथबरो समितीपुढे, संविधान सभेत मिळवावी लागली. ती मिळवल्यावर आपल्यातल्याच कोणाचा हात वर राहून न दिसावा, इतके आपले डोळे मोठ्या माणसांकडे लागलेले नसावेत. पुढच्या बैठकीत तुम्ही होस्ट असाल, तर दुसरे पान उघडून पाहा. तिथे कोणीतरी हात वर करून बसलेले असेल.

नमो बुद्धाय! जय भीम!